ओळखीच्या पत्त्यावरून आलेली अटॅचमेंट आणि 11 वर्षांचे काम : आपण कोणती काळजी घेता?

गिरगावचा_छापखाना

गिरगावात खाडिलकर रोडजवळ आमचा लहानसा छापखाना आहे. वडिलांच्या काळी खिळे जुळवून छपाई होत असे. आता दोन संगणक आणि डीटीपीचे काम पाहणाऱ्या एक ताई एवढ्यावर सगळे चालते. लग्नपत्रिका, गृहनिर्माण सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके आणि जाहिरातींसह निघणारे त्यांचे अहवाल ही आमची मुख्य कामे. गेल्या वर्षी ऐन श्रावणात, म्हणजे आम्हाला जेवायलाही उसंत नसते अशा दिवसांत, एका अटॅचमेंटमुळे दोन्ही संगणकांवरील 11 वर्षांचे काम एका रात्रीत कुलूपबंद झाले. जे घडले ते येथे सविस्तर लिहितो, कारण त्यानंतर मला भेटलेल्या प्रत्येकाने 'अनोळखी माणसाचा मेल उघडायचाच नाही' असे सांगितले, आणि माझ्या बाबतीत तो सल्ला दोन्ही बाजूंनी निरुपयोगी होता.

पहिली गोष्ट अशी, की तो मेल अनोळखी नव्हता. ज्या मंडळाचा अहवाल आम्ही सलग आठ वर्षे छापत आलो, त्याच्या खजिनदारांच्या पत्त्यावरून तो आला होता. आदल्या वर्षी त्यांच्याशी जाहिरातींच्या दरांबद्दल झालेला पत्रव्यवहार त्या मेलच्या खाली जसाच्या तसा होता आणि वर एवढेच लिहिले होते, की सुधारित यादी सोबत जोडली आहे, पासवर्ड खाली दिला आहे. ताईंनी झिप फाइल उघडली. आत एक्सेलची फाइल होती. ती उघडल्यावर धूसर तक्त्याचे चित्र दिसले आणि मजकूर वाचण्यासाठी वरच्या पिवळ्या पट्टीतील 'एनेबल कंटेंट' हे बटण दाबावे, अशी सूचना होती. बटण दाबल्यावर काहीच झाले नाही. फाइल खराब झाली असावी असे समजून, खजिनदारांना सवडीने विचारू म्हणून आम्ही पुढच्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरची एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे विचित्र अक्षरे जोडलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजी चिठ्ठी होती, की फाइली परत हव्या असतील तर क्रिप्टोचलनात पैसे भरा. लॅमिंग्टन रोडवरून खास बॅकअपसाठी घेतलेली हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असल्यामुळे तीही त्याच अवस्थेत सापडली. खजिनदारांना फोन केला तेव्हा कळले, की त्यांनी कोणतीही यादी पाठवलेली नव्हती. त्यांच्या मेलचा पासवर्ड चोरीला गेला होता आणि आमच्यासारख्या अनेकांना त्यांच्या नावाने असेच मेल गेले होते.

आम्ही पैसे भरले नाहीत. सगळ्या प्रूफांच्या पीडीएफ ग्राहकांना मेलने पाठवण्याची आमची जुनी सवय असल्यामुळे 'सेंट' फोल्डरमधून बरेचसे काम पाहायला तरी मिळाले. मात्र जुना मजकूर युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असल्याने पीडीएफमधून उचलला की अक्षरांचा नुसता खिचडा होतो, आणि म्हणून ताई आजही रोज दोन पाने नव्याने टंकलिखित करतात.

दुसरी गोष्ट अशी, की अनोळखी मेल न उघडणे मला परवडणारच नाही. पत्रिका छापायला येणारे प्रत्येक कुटुंब मला अनोळखीच असते आणि त्यांचा मजकूर व फोटो अटॅचमेंटनेच येतात. ज्यांचे पोट परक्यांच्या फाइली उघडण्यावर चालते, त्यांनी नेमके काय करावे?

पवई_तंत्रज्ञ

आपले नुकसान वाचून वाईट वाटले. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून प्रथम आपल्या बाबतीत काय झाले असावे ते सांगतो.

चालू पत्रव्यवहारात शिरून उत्तर पाठवण्याची ही पद्धत एमोटेट या व्हायरसने सर्वत्र पोहोचवली. 2014 मध्ये बँक खात्यांची माहिती चोरण्यासाठी तो प्रथम दिसला. पुढे तो संसर्ग झालेल्या संगणकावरील जुने मेल उचलून त्यांनाच उत्तर म्हणून स्वतःची फाइल जोडू लागला. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी युरोपोल या युरोपीय पोलिस संस्थेच्या साहाय्याने त्याचे जाळे ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे तोच आला होता असे मी म्हणणार नाही. तीच रीत आज अनेक टोळ्या वापरतात.

ओळखीचा फायदा घेण्याची युक्ती मात्र त्याहून बरीच जुनी आहे. मार्च 1999 मधील मेलिसा हा वर्डच्या मॅक्रोमधून, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्राममधून, पसरणारा व्हायरस आउटलुकच्या यादीतील पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवत असे, आणि घेणाऱ्याला तो परिचिताकडूनच आलेला दिसे. मे 2000 मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या व्हायरसने यादीतील सर्वांनाच पत्र धाडले. त्याच्या फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' (साधा मजकूर) आणि शेवटी 'व्हीबीएस' (चालू होणारा प्रोग्राम) होते. विंडोज तिच्या ओळखीच्या फाइलींचे विस्तारनाम, म्हणजे नावातील शेवटच्या टिंबानंतरची प्रकार सांगणारी अक्षरे, लपवत असल्यामुळे लोकांना ते साधे मजकुराचे पान वाटले. खरे विस्तारनाम लपवण्याची ती मूळ मांडणी विंडोजमध्ये आजही तशीच आहे. म्हणून प्रत्येकाने आजच फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूत जाऊन फाइलींची विस्तारनामे दिसतील अशी व्यवस्था करावी. 'फोटो.जेपीजी.ईएक्सई' असे नाव पूर्ण दिसले, म्हणजे तो फोटो नसून प्रोग्राम आहे हे कळले, तर निम्मे काम तेथेच होते.

आता पासवर्डविषयी. झिपला पासवर्ड असला की मेलसेवेला आणि अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही. कुलूप आणि किल्ली एकाच मेलमध्ये पाठवण्यात गुप्तता कसलीच नसते; ते कुलूप तपासणी चुकवण्यासाठी असते. माझ्या मते आपल्या मेलमधील हीच सर्वांत मोठी खूण होती, आणि ती ताईंना कोणी शिकवलेली नसल्यामुळे दोष त्यांचा मुळीच नाही.

मॅक्रोंबाबत एक सांगायला हवे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. त्यासाठी इंटरनेटवरून आलेल्या फाइलींवर विंडोजमध्ये एक अदृश्य शिक्का मारला जातो. आपल्याकडील ऑफिसची आवृत्ती जुनी असेल किंवा झिप उघडणारे साधन तो शिक्का आतल्या फाइलींवर पुढे नेत नसेल, तर हे संरक्षण मिळत नाही. आपले ऑफिस कोणत्या वर्षीचे आहे?

गिरगावचा_छापखाना

ऑफिस 2010. जुन्या फॉन्टची साधने त्याच्याशी जुळतात, म्हणून बदलले नव्हते.

पवई_तंत्रज्ञ

त्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर 2020 नंतर मिळालेली नाही. जुन्या फॉन्टसाठी तो संगणक ठेवायचाच असेल तर जरूर ठेवा, पण त्याला इंटरनेट आणि मेल यांपासून पूर्णपणे तोडून ठेवा. विंडोज 10 चे नियमित साहाय्यही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे, हे इतरांनीही ध्यानात घ्यावे.

फोर्टमधील_सीए

पासवर्डच्या मुद्द्याला मी थोडी पुस्ती जोडते, कारण आमच्या कार्यालयात त्यावरून रोज गोंधळ होतो. आपल्याकडे बँकेचे स्टेटमेंट, म्युच्युअल फंडाचे विवरण, आयकराचे वार्षिक माहितीपत्रक अशा कितीतरी खऱ्या फाइलीही पासवर्ड लावूनच येतात. 'पासवर्ड असेल तर उघडू नका' असे सांगितले, तर उमेदवारी करणाऱ्या मुलांचे काम थांबेल. मी त्यांना जो फरक शिकवते तो असा : खऱ्या विवरणाचा पासवर्ड आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या माहितीवरून बनतो, उदाहरणार्थ पॅन आणि जन्मतारीख; मेलमध्ये तो कसा बनवायचा एवढेच लिहिलेले असते. बनावट मेलमध्ये पासवर्ड आयता हातात ठेवलेला असतो, कारण पाठवणाऱ्याला आपली जन्मतारीख माहीत नसते. शिवाय खरे विवरण बहुधा पीडीएफ असते; झिपच्या आत एक्सेल किंवा शॉर्टकट असला की मी तेथेच थांबते.

आयकराच्या नोटिशीच्या नावाने येणारे मेल विवरणपत्रांच्या हंगामात फार वाढतात, आणि नोटीस म्हटल्यावर चांगल्या शिकलेल्या माणसाचाही हात थरथरतो. येथे एक खात्रीचा उपाय आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून आयकर विभागाच्या पत्रांवर, काही अपवाद सोडता, दस्तऐवज ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन असतो आणि तो विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करताही पडताळता येतो. मेलमधील दुव्यावरून तेथे जाऊ नये. पत्ता स्वतः टंकित करून जावे. खरी नोटीस असेल तर ती आपल्या खात्यातही दिसते, म्हणजे अटॅचमेंट उघडण्याची वेळच येत नाही. मी पक्षकारांना सांगते, की नोटिशीला उत्तर देण्यासाठी मुदत असते. पडताळणीची दहा मिनिटे त्यात सहज बसतात.

मुलुंड_सचिव

मी सोसायटीची सचिव आहे, तांत्रिक ज्ञान बेताचे. दुरुस्तीच्या निविदा मागवल्या की कंत्राटदारांचे पंचवीस-तीस मेल येतात. नुसता मेल वाचल्याने व्हायरस येतो का? या भीतीने आमचे खजिनदार मेल न वाचताच काढून टाकतात आणि त्यात खरी कोटेशनेही जातात.

पवई_तंत्रज्ञ

ताई, नुसते वाचल्याने संसर्ग होण्याचे प्रकार पूर्वी घडले आहेत. 1999 मधील बबलबॉय हा मेल उघडताच चालू होत असे. त्यानंतर मेलची साधने बरीच सुधारली. अद्ययावत ब्राउझरमध्ये जीमेलसारख्या सेवेवर मेल वाचणे हा आज मोठा धोका राहिलेला नाही. फाइल संगणकावर उतरवून ती चालू करणे आणि दुव्यावर जाऊन पासवर्ड देणे, हे खरे धोके आहेत. तेव्हा खजिनदारांनी मेल निर्धास्तपणे वाचावेत.

कोटेशन संगणकावर उतरवण्याऐवजी मेलच्या आतच त्याची पूर्वदृश्य प्रत (प्रिव्ह्यू) पाहावी. तेव्हा फाइल सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडते आणि आपल्याला तिचे चित्र दिसते. तिच्यातील मॅक्रो आपल्या संगणकावर चालत नाही. निविदेच्या सूचनेतच 'कोटेशन फक्त पीडीएफमध्ये, पासवर्डशिवाय पाठवावे' अशी अट घाला. पीडीएफही शंभर टक्के सुरक्षित नसते. तिच्यात फसवे दुवे असू शकतात आणि जुन्या रीडरमधील त्रुटींचा गैरवापर झालेला आहे. तरीही झिप, शॉर्टकट, आयएसओ (संपूर्ण डिस्कची नक्कल असलेली फाइल), 'जेएस' किंवा 'ईएक्सई' (चालू होणारे प्रोग्राम) यांच्या तुलनेत ती पुष्कळच बरी. मॅक्रो अडवले गेल्यावर हल्लेखोर आयएसओ, शॉर्टकट आणि 2023 च्या सुमारास वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या फाइलींकडे वळले. कंत्राटदाराला यांपैकी काहीही पाठवण्याचे कारण नाही.

निवृत्त_बँकवाला

आपण सर्वांनी एवढे खोलात लिहिले आहे, परंतु मला अजूनही वाटते की साधा नियमच बरा. 2017 मध्ये उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम अशाच एका ईमेलमुळे बंद पडले होते. तेवढ्या मोठ्या कंपनीला जमले नाही, तेथे आपण काय करणार? अनोळखी मेल दिसला की काढून टाकावा.

पवई_तंत्रज्ञ

काका, ती घटना खरी आहे, पण कारण वेगळे होते. 27 जून 2017 रोजी मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या यंत्रणा नॉटपेट्या या व्हायरसमुळे बंद पडल्या आणि त्यात जेएनपीटीतील त्यांचे टर्मिनलही अडकले. सुरुवातीला ईमेलचा संशय व्यक्त झाला होता. नंतर स्पष्ट झाले की युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एमईडॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि पुढे नेटवर्कमधून पसरला. कोणी मेल उघडला नसता तरी तो आलाच असता. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण सारा भार मेल उघडणाऱ्या कर्मचाऱ्यावर टाकला की अपडेट आणि बॅकअप यांची जबाबदारी कोणी घेत नाही.

सीप्झ_मनुष्यबळ

काकांच्या मुद्द्यावर माझाही अनुभव सांगते. मी अंधेरीला सीप्झमधील एका कंपनीत भरतीचे काम पाहते. अर्जदार मला अनोळखीच असणार, आणि त्यांचे बायोडेटा अटॅचमेंटनेच येणार. छापखानेवाले दादा म्हणतात ते मला तंतोतंत पटते.

हा धोका किती खरा आहे, याचे एक ठळक उदाहरण आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून 8 कोटी 10 लाख डॉलर चोरीला गेले. अमेरिकेच्या न्याय विभागाने 2018 मध्ये उघड केलेल्या तक्रारीनुसार, त्याच्या साधारण एक वर्ष आधी बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याच्या नावाने मेल गेले होते आणि त्यात बायोडेटा उतरवून घेण्याचा दुवा होता. म्हणजे आत शिरल्यावर चोर कित्येक महिने शांत बसून होते. आमच्या दादांची फाइल एका रात्रीत बोलली; काही फाइली वर्षभर बोलत नाहीत.

आमच्याकडे आता अर्ज मेलवर न घेता संकेतस्थळावरील अर्जामार्फत घेतात, तेथे पीडीएफखेरीज काही स्वीकारले जात नाही, आणि माझ्या संगणकावर माझे खाते साधे आहे, काहीही इन्स्टॉल करण्याचा अधिकार मला नाही. सुरुवातीला मला त्याचा राग येत असे. आता वाटते, की माझी चूक झाली तरी तिचा पसारा त्यामुळे आवरेल.

निवृत्त_बँकवाला

जेएनपीटीबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. मी स्वतः चाळीस वर्षे काउंटरवर अनोळखी माणसांचेच धनादेश हाताळले. धनादेश घ्यायचाच नाही असे कधी म्हटले नाही, सही पडताळून घेतला. त्याच रीतीने विचार करायला हवा होता. आता एक विचारतो : चूक होऊन गेल्यावर, बटण दाबले आहे हे लक्षात आल्यावर, त्या क्षणी काय करावे?

पवई_तंत्रज्ञ

सर्वप्रथम त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढावी, वायफाय बंद करावे आणि जोडलेली हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह सोडवून घ्यावा. फाइली कुलूपबंद होताना डोळ्यांसमोर दिसत असतील तर सरळ वीज तोडावी. अन्यथा संगणक चालू ठेवून जाणकाराला बोलवावे, कारण तपासाला उपयोगी खुणा संगणकाच्या स्मृतीत (मेमरीत) असतात आणि वीज गेली की पुसल्या जातात. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलावा, मेलला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरी खूणही मागणारी) लावावी आणि सेटिंगमध्ये परक्या पत्त्यावर मेल पुढे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का ते पाहावे. ही शेवटची गोष्ट बहुतेक लोक विसरतात, आणि पासवर्ड बदलूनही मेल बाहेर जात राहतात.

पैसे गेले असतील तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे गेले नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करता येते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक स्वच्छ करण्याची विनामूल्य साधने आहेत. खंडणीच्या व्हायरससाठी 'नो मोअर रॅन्सम' हा डच पोलिस, युरोपोल आणि काही सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. तेथे चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल दिली, की त्या प्रकाराची किल्ली उपलब्ध आहे का ते कळते. आज किल्ली नसली तरी पुढे मिळू शकते, म्हणून कुलूपबंद फाइली फेकू नका.

संशयास्पद फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर अनेक अँटीव्हायरसकडून तपासता येते. मात्र तेथे चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही पाहता येते, त्यामुळे ग्राहकाचे आधार किंवा हिशेब असलेली फाइल तेथे टाकू नये.

मुलुंड_सचिव

आमच्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाने 'एपीके' फाइल आली होती. तो प्रकारही हाच समजावा का?

पवई_तंत्रज्ञ

होय, युक्ती तीच. एपीके म्हणजे मोबाइलवर इन्स्टॉल होणारे अॅप. निमंत्रण म्हणजे चित्र, व्हिडिओ किंवा पीडीएफ असायला हवे. त्याला इन्स्टॉल होण्याची गरज नसते. गटाला कळवून ती फाइल काढून टाकायला सांगा, आणि ज्यांनी ती उघडली असेल त्यांना बँकेशी बोलायला सांगा, कारण असली अॅप एसएमएस वाचून ओटीपी पळवतात.

गिरगावचा_छापखाना

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार गेल्या पंधरवड्यात जे बदलले ते लिहितो, चूक असेल तर सांगावे.

जुना संगणक आता इंटरनेटला जोडलेला नाही. त्यावर फक्त जुने फॉन्ट आणि कोरलड्रॉचे काम होते. मेल पाहण्यासाठी जुना लॅपटॉप वेगळा ठेवला, त्यावर नवी प्रणाली घातली, विस्तारनामे दिसतील असे केले आणि ताईंचे खाते साधे ठेवले. ग्राहकाचा मजकूर मेलच्या आतच पाहून, नक्कल करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घेतो. फोटो उघडून पुन्हा जतन करून मगच पुढे नेतो. हार्ड डिस्क आता दोन आहेत. एक छापखान्यात असते तेव्हा दुसरी माझ्या घरी असते. शनिवारी बॅकअप झाला की डिस्क काढून पिशवीत जाते आणि संध्याकाळी लोकलने माझ्याबरोबर घरी येते. दर महिन्याला त्यातील एखादी जुनी पत्रिका उघडून पाहतो, कारण न उघडणारा बॅकअप काय कामाचा, हे आम्ही अनुभवले आहे.

फोनचा नियम मात्र थोडा कठीण गेला. पत्ता ओळखीचा असो वा नसो, झिप आली किंवा फाइलने कोणतेही बटण दाबायला सांगितले, की ताई ग्राहकाला फोन करतात, आणि तोही मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आमच्या ऑर्डरबुकात लिहिलेल्या. काही ग्राहकांना हे अविश्वासाचे वाटले. परवा त्याच खजिनदारांकडून फोटोंची झिप आली. ताईंनी फोन केला, तेव्हा ती त्यांनी खरोखरच पाठवली होती असे कळले. त्यांनी न रागावता ते फोटो एकेक करून पुन्हा पाठवले आणि यंदाची जाहिरातदारांची यादी कागदावर लिहून स्वतः आणून दिली.